तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या विद्यापीठातलं एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारं यंत्र, बंद का आहे?

बंद आहे. होय, अजूनही. दारावर 'तीव्र चुंबकीय क्षेत्र, पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये' ही पाटी आहे आणि आत चुंबकीय क्षेत्र नाही. पाटी काढायला कुणाची परवानगी लागते, ते मला अजून समजलेलं नाही.

विचारणारे बरेच. एमएस्सीची मुलं विचारतात, मूल्यांकनाला आलेल्या समितीतले पाहुणे विचारतात, कोकणातल्या कॉलेजांतून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून नमुने आणणारे प्राध्यापक विचारतात. एका लग्नात मावसभावानं पंगतीतच विचारलं, कारण त्यानं पेपरात 'कोट्यवधींचं यंत्र धूळ खात' अशी बातमी वाचली होती. फोटो आमच्याच खोलीचा होता. धूळ मात्र नाही. मी स्वतः पुसते.

यंत्रानं रेणूची रचना कशी कळते ते तुम्हाला ठाऊक आहे, नाहीतर ते बंद असल्याचं दुःख झालं नसतं. ते टिकतं कशावर एवढंच सांगते. आमचं ४०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे ९.४ टेस्ला, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट. आतली, जिच्यात वीज फिरत राहते ती तारेची गुंडाळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर, अखंड बुडालेली असेल तरच हे क्षेत्र राहतं. भोवतीच्या कप्प्यात द्रव नायट्रोजन लागतो, तो आठवड्याला. हेलियम चार-पाच महिन्यांनी. जनावर दावणीला बांधलं की दूध काढा न काढा, वैरण घालावीच लागते, तसं हे.

वैरण घालायचे मामा. कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर, शिक्षण दहावी. पण हेलियमची पातळी ते कॉम्प्युटरच्या आधी सांगायचे. मामा निवृत्त झाले, पद रिक्त झालं, आणि रिक्त पदाला रिक्त राहण्याची सवय लागली. मग अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलं आली. हुशार होती. नोकरी लागली की जायची, जायलाच हवं होतं.

आता २०२२ बद्दल. त्या वर्षी जगभर हेलियमची टंचाई होती. रशियातल्या अमूरच्या नव्या प्रकल्पात आग लागली होती, भाव चढले होते. आपल्याकडे हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून येतो. मी उन्हाळ्यातच फाइल टाकली. पहिला शेरा आला: तीन दरपत्रकं हवीत. पुरवठादार मोजकेच, दोघांनी दर दिले, तिसऱ्यानं 'माल नाही' कळवलं. 'माल नाही' हे दरपत्रक धरायचं की नाही, यावर जून गेला. मग १८ जुलैपासून संशोधन संस्थांची पाच टक्के जीएसटीची सवलत गेली आणि अठरा टक्के लागू झाला. मंजुरी जुन्या हिशेबानं होती, रक्कम कमी पडली, फाइल परत. तिसरा शेरा मला तोंडपाठ आहे: 'मागील खरेदीच्या हेलियमची शिल्लक साठा नोंदवहीत दिसत नाही. खुलासा करावा.' मी लिहिलं, हेलियमचे बाष्पीभवन झाले आहे. उत्तर आलं, बाष्पीभवनाचे प्रमाणपत्र जोडावे.

हसा. मीही हे सांगताना आता हसते. तेव्हा रोज सकाळी पातळी बघत होते आणि ती कंपनीनं आखून दिलेल्या रेषेखाली गेलेली होती. लेखा विभागात स्वतः जाऊन बसले. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, उद्या ऑडिटला मी उभा राहणार, तुमचं मशीन नाही."

"स्वतःच्या पैशानं का नाही आणलंत?" असंही मला विचारलं गेलंय, तेही शहाण्या माणसांकडून. बिल लाखांत होतं. आणि खासगी बिलाचा डेवार, म्हणजे द्रव हेलियमचं थर्मासासारखं भांडं, विद्यापीठाच्या गेटमधून आत येत नाही, त्याला पास लागतो, आणि पासला खरेदी आदेशाचा क्रमांक.

वसुबारसेच्या दिवशी, शुक्रवारी, विभाग निम्मा रिकामा होता. माझी एक विद्यार्थिनी नमुना लावून बसली होती. नरक्याच्या पानांतून वेगळं केलेलं एक संयुग. सह्याद्रीतलं हे झाड घाण वासासाठी प्रसिद्ध आहे आणि कॅन्सरच्या औषधांना लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनसाठीही. मी शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होते. आधी शीळ घातल्यासारखा बारीक आवाज आला, मग तो वाढत गेला, आणि चुंबकाच्या डोक्यावरच्या नळीतून पांढरा झोत छताला धडकला. गुंडाळीचा कुठलातरी तुकडा तापला होता. एक तुकडा तापला की शेजारचा तापतो, सगळी वीज उष्णतेत जाते आणि उरलेला हेलियम एकदम उकळतो. एका लिटर द्रवाचा सातशे लिटरहून जास्त वायू होतो. तो खोलीतली हवा ढकलून देतो आणि माणसाला गुदमरतंय हे कळायच्या आत शुद्ध जाते. हे सगळं मला पाठ होतं, दरवर्षी मीच शिकवते. मी ओरडले, "बाहेर हो!" ती म्हणाली, "मॅडम, डेटा सेव्ह करते." मी तिचा दंड धरून तिला ओढलं. इतक्या जोरात, की वळ उठला.

कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून आम्ही आवाज ऐकत होतो. मिनिटा-दोन मिनिटांत सगळं संपलं. सुरक्षा अधिकारी धावत आले, आग कुठे लागली विचारत. आग नाही म्हटल्यावर त्यांना काय करावं कळेना. मलाही. अपघात अहवालाच्या फॉर्मात वित्तहानीचा रकाना होता. चुंबक जागच्या जागी होता, ओरखडाही नव्हता. मी काय लिहायचं? 'चुंबकत्व' लिहिलं. फॉर्म परत आला.

जानेवारीत हेलियमची मंजुरी मिळाली. नेहमीच्या भरण्यापुरती. पण विझलेला चुंबक नव्यानं थंड करून त्यात क्षेत्र आणायला त्याच्या कितीतरी पट हेलियम लागतो, शिवाय कंपनीचा इंजिनियर. लेखा विभागानं कळवलं, एकतीस मार्चच्या आत उचला, नाहीतर निधी परत जाईल. गरम चुंबकात हेलियम ओतून उडवायचा, फक्त निधी खर्च झाला म्हणून? मी नाही उचलला. मग निधी अखर्चित का राहिला, याचा खुलासा मागवला गेला. तोही दिला.

अठरा ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो, त्याच्या शुभेच्छा मला दरवर्षी येतात. हेलियमचा शोध ज्याच्याशी जोडला जातो त्या १८६८ च्या त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन विजयदुर्गावर नाही, गुंटूरला होता. शोधाचं श्रेय मिळणारा दुसरा, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर, त्या वेळी इंग्लंडात; विजयदुर्गाला तो आला १८९८ च्या ग्रहणाला. हे मी कळवते आणि लोक नाराज होतात. दिवस साजरा करा, माझी हरकत नाही. जमल्यास दोन लिटर पाठवा.

आता माझ्याशीच माझं जे भांडण आहे ते. यंत्र मागितलं तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सुचवलं होतं, चुंबक लहान घ्या, पण उडणारा हेलियम गोळा करून पुन्हा द्रव करायची सोय आधी करा. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत तशी सोय आहे. तिचा खर्च मात्र चुंबकापेक्षा जास्त, आणि योजनेत यंत्राला पैसे होते. कॉम्प्रेसरला नव्हते, माणसाला तर नव्हतेच. मी म्हटलं होतं, आधी यंत्र येऊ दे, बाकीचं मागून येईल. त्याला चूक म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही. यंत्र मागितलं नसतं तर काहीच आलं नसतं, आणि मधल्या वर्षांत त्यावर जे प्रबंध झाले ते झाले नसते. ते प्राध्यापक चूक होते असंही मला म्हणवत नाही.

आणखी एक, आवडणार नाही असं. यंत्र विझल्यापासून मला झोप बरी लागते. माझे पेपर थांबलेले नाहीत, कारण आमचे नमुने पवईला आयआयटीच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात जातात आणि आलेख ई-मेलनं येतात, आमच्यापेक्षा स्वच्छ. मग प्रत्येक विद्यापीठात असं यंत्र हवंच कशाला? मी पंधरा वर्षांपूर्वीची असते तर या वाक्यावर सभात्याग केला असता. तेव्हाची मी म्हणायची, देवगडच्या मुलीनं साध्या प्रोटॉन स्पेक्ट्रमसाठी, म्हणजे एनएमआरच्या सगळ्यात साध्या आलेखासाठी, मुंबईकडे का बघायचं? आत्ताची मी म्हणते, पण तिला स्पेक्ट्रम मिळतोय ना. तेव्हाची म्हणते, आलेख मिळतो. पण शिम करताना, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करताना, रेष बारीक होत जाताना ती बघत नाही, आणि 'थांब, हाच नमुना जरा गरम करून बघू' असं तिला सुचलं तर ते करायचं कुठे? यावर आत्ताचीकडे उत्तर नसतं. तेव्हाचीकडे हेलियमचं नसतं.

सध्या विभागात दोन तट आहेत. एकाला टेबलावर मावणारं, कायमच्या चुंबकाचं ८० मेगाहर्ट्झचं यंत्र हवंय. हेलियम लागत नाही, मुलांना हाताळता येतं, पण गुंतागुंतीच्या रेणूला पुरत नाही. दुसऱ्याला जुनाच चुंबक जिवंत करायचाय. मी दोन्ही प्रस्तावांवर सही केली आहे. दोन्हींत तंत्रज्ञाचं पद पहिल्या ओळीत घातलंय आणि दोन्हींतली ती ओळ खोडून परत आली आहे. मी पुन्हा घातली.

तोवर, ज्यांचे नमुने माझ्या फ्रिजमध्ये आहेत त्यांनी ते घेऊन जावेत. पवईचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. ट्यूबवर नाव पेन्सिलीनं लिहू नका, पुसलं जातं.