लेव्हल कमी, औषध जास्त

फेनिटॉइन हे फिट्सचं औषध ३०० मिलिग्रॅमवरून ४०० करायचं, असं रेसिडेंट डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून टाकलं होतं. त्याला आधारही होता. रक्तातली लेव्हल ९.५ आली होती आणि रिपोर्टवर तिच्यापुढे खाली जाणारा बाण छापलेला. हवी १० ते २०. कमी आहे, तर वाढवा. कागदावर यात खोट काढायला जागाच नव्हती.

मी वॉर्डातली फार्मासिस्ट. मला मात्र कॉटवरच्या आजींकडे बघितलं की शंका यायची. स्ट्रोकनंतर त्यांना फिट्स आल्या होत्या, म्हणून हे औषध सुरू झालेलं. औषध लागल्यापासून फिट आली नव्हती, पण आजी दिवसभर पेंगत असायच्या. अशक्तपणा आहे म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. मी त्यांच्या मुलीला विचारलं, काही वेगळं जाणवतंय का? ती म्हणाली, "मॅडम, पेला घ्यायला जाते आणि हात भलतीकडेच पडतो. काल मला म्हणाली, तुम्ही दोघी कशाला आलात? मी तर एकटीच होते." आजींना माझ्या बोटाकडे बघायला सांगितलं. बोट बाजूला नेलं तशी त्यांची बुबुळं कडेला जाऊन थरथरायला लागली. औषध कमी पडलं तर असं होत नाही. जास्त झालं की होतं.

मग फाइलची मागची पानं उलटली. अल्ब्युमिन १.८. रक्तातलं साधारण ९० टक्के फेनिटॉइन या प्रथिनाला चिकटून असतं आणि मेंदूवर काम करतं ते उरलेलं, मोकळं. लॅब मोजते ती दोन्हींची बेरीज. आजारपणात, जेवण तुटल्यावर अल्ब्युमिन घसरलं की मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो आणि बेरीज मात्र कमीच दिसते. यासाठी एक सूत्र आहे: अल्ब्युमिनला ०.२ ने गुणून त्यात ०.१ मिळवायचे आणि त्या आकड्याने लेव्हलला भागायचं. इथे भाजक आला ०.४६ आणि उत्तर २०.७. म्हणजे रिपोर्टवर 'कमी' असलेली लेव्हल खरं तर वरच्या टोकाच्याही पलीकडे गेली होती. हा अंदाजच, हे कबूल. मोकळं फेनिटॉइन थेट मोजता आलं तर उत्तम, पण आमच्या लॅबमध्ये ती सोय नाही. त्यात या औषधाचा आणखी एक खोडसाळपणा असा, की ते मोडणारी लिव्हरची यंत्रणा एका मर्यादेनंतर भरून जाते. मग डोस थोडासा वाढवला तरी लेव्हल भसकन वर जाते. ३०० चे ४०० केल्यावर आजींचं काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

"पण मॅडम, रिपोर्टला लो आहे ना?" रेसिडेंट म्हणाले.

"आहे. एकदा त्यांचे डोळे बघून या."

ते गेले, बघून आले आणि स्वतःच कन्सल्टंटना फोन लावला. हे सगळेच करत नाहीत. फार्मासिस्टने डोसबद्दल तोंड उघडलं की कपाळाला आठी घालणारेही मी पाहिलेत. डोस थांबले, लेव्हल पुन्हा पाठवायचं ठरलं, पुढे औषध कमी डोसने सुरू झालं. आजी पेला नीट धरायला लागल्या.

त्याच दुपारी माझी आखातातल्या एका हॉस्पिटलसाठी व्हिडिओ मुलाखत होती. जाहिरातीत पद 'क्लिनिकल फार्मासिस्ट' असं होतं, म्हणजे वॉर्डात पेशंटपाशी राहून औषधं बघणारं. फार्मसीच्या प्रमुख बाई समोर होत्या. त्यांनी विचारलं, तुमच्यामुळे उपचार बदलला अशी एखादी केस सांगा. केस ताजीच होती. सूत्रात त्यांना रस नव्हता. "डॉक्टरांनी ऐकलं नसतं तर?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि "हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंत?" हा दुसरा. मला दोन्ही प्रश्न आवडले. कन्सल्टंटकडे गेले असते, हे पहिल्याचं उत्तर. दुसऱ्यासाठी आमचा इंटरव्हेन्शन फॉर्म होता, म्हणजे आम्ही सुचवलेल्या बदलांची नोंद, आणि तो मी जेवायच्या आधीच भरला होता.

मग मी विचारलं, तुमच्याकडे राउंडला किती फार्मासिस्ट जातात? त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, सुरुवातीला इनपेशंट फार्मसीत बसून डॉक्टरांच्या औषधांच्या ऑर्डर तपासायच्या, राउंडचं पुढे बघू.

बाहेर जायची तयारी करणाऱ्यांनी हे 'पुढे बघू' नीट ऐकावं. परीक्षांची माहिती सगळीकडे मिळते. आखातात डेटाफ्लोची कागदपत्रांची पडताळणी आणि बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिकची परीक्षा, अमेरिकेत परदेशी पदवीधरांसाठीची एफपीजीईई आणि नंतर लायसन्सची नॅपलेक्स, ब्रिटनमध्ये परदेशी फार्मासिस्टांसाठीचा ओस्पॅप हा वर्षाचा कोर्स आणि त्यावर वर्षभराचं ट्रेनिंग. पण लायसन्स मिळालं म्हणजे पेशंटपाशी उभं राहायला मिळालं, असं नाही. अमेरिकेत हॉस्पिटलमधल्या क्लिनिकल पदासाठी बहुतेक ठिकाणी रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग, मागतात. बऱ्याच जणांचं पहिलं काम काउंटरवरच असतं. काउंटरचं काम हलकं नाही, पण मला ते करायचं नाहीये.

दुसरी कटकट अनुभवपत्राची. डेटाफ्लोवाले पत्र देणाऱ्या संस्थेकडूनच खातरजमा करून घेतात, त्यामुळे पत्रात जे लिहिलंय तेवढाच तुमचा अनुभव. आमच्या एचआरच्या ठरलेल्या मजकुरात 'औषधांचा साठा व वितरण' एवढंच होतं. वॉर्ड राउंड, डोस तपासणं, डिस्चार्जच्या वेळचं समुपदेशन, यातलं काहीच नव्हतं. विभागप्रमुखांच्या मागे लागून ते घालून घेतलं. एचआरला ते फारसं रुचलं नाही.

आखातातून ऑफर आली. पगार बरा आहे. कामाच्या तपशिलात एक ओळ आहे: 'वॉर्ड राउंडमध्ये सहभाग, गरजेनुसार.' मी मेल करून विचारलंय, गरज कोण ठरवणार, आठवड्यातून किती दिवस, आणि हे करारात लिहून द्याल का. उत्तर येईपर्यंत सही करणार नाही. तोवर कॅनडात फार्मासिस्टची परीक्षा घेणाऱ्या पीईबीसी या मंडळासाठी कागदपत्रं गोळा करणं सुरू आहे. तिथल्या पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या भागात निदान पेशंटच्या भूमिकेतल्या माणसाशी समोरासमोर बोलावं तरी लागतं.