मॉरिशस : बंदराबंदराने घडलेला देश

मॉरिशसचे किनारे सुंदर आहेत, ते मीही डोळे भरून पाहिले. पण मला तिथे ओढून नेलं ते या बेटाच्या इतिहासाने. इथे मूळचं कुणीच नव्हतं. अरब दर्यावर्दींना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीज सोळाव्या शतकात येऊन गेले, वस्ती मात्र कुणी केली नाही. आज तिथे राहणाऱ्या बारा लाखांहून जास्त माणसांपैकी प्रत्येकाचा कुणी ना कुणी पूर्वज बाहेरून आलेला आहे. म्हणून ठरवलं, हा देश पाहायचा तो माणसं जिथे जिथे उतरली त्या जागांवरून, आणि शक्यतो त्याच क्रमाने.

विमानतळ आग्नेय किनाऱ्यालगत आहे, त्यामुळे सुरुवात आपोआप योग्य ठिकाणी होते. जवळच व्ह्यू ग्राँ पोर नावाचं गाव आहे. मागे लायन माउंटनचा डोंगर, पुढे निळाशार उपसागर. याच उपसागरात १५९८ साली डच जहाजं शिरली आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाचं नाव ठेवलं. वसाहत झाली १६३८ मध्ये. तिथे किल्ल्याचे दगडी अवशेष आहेत, त्यात डचांच्या बांधकामावर फ्रेंचांनी केलेलं बांधकाम आहे. डचांनी एबनीचं काळं, वजनदार लाकूड तोडून नेलं. जावाहून ऊस आणला, हरणं आणली. जहाजांतून उंदीर आले, डुकरं आली, आणि सतराव्या शतकातच डोडो संपला. वादळं, उंदरांचा उपद्रव आणि आफ्रिकेच्या टोकाला मिळालेलं अधिक सोयीचं केप बंदर, यामुळे १७१० मध्ये डच कायमचे निघून गेले. ऊस मात्र राहिला, आणि पुढचा सगळा इतिहास त्या उसाभोवती फिरला.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतलं. पोर्ट लुईमध्ये बंदराकडे तोंड करून माहे द ला बुर्दोने यांचा पुतळा उभा आहे. १७३५ मध्ये आलेल्या या गव्हर्नरने पोर्ट लुईला राजधानी केलं, गोदी बांधली, रस्ते केले. हे बांधलं कुणी? पाँडिचेरीहून आणलेल्या कारागिरांनी, आणि मादागास्कर, मोझांबिककडून पकडून आणलेल्या गुलामांनी. फ्रेंच राजवटीच्या अखेरीला बेटावरच्या पाचांतली चार माणसं गुलाम होती. पुतळ्याच्या पायाशी उभी असताना हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना.

माहेबुर्गच्या संग्रहालयाची इमारत ही एक जुनी हवेली आहे. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या समुद्रात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. फ्रेंच जिंकले, आणि दोन्ही बाजूंच्या जखमी सेनापतींवर, विलबी आणि द्युपेरे यांच्यावर, याच घरात उपचार झाले. त्यानंतर चारच महिन्यांत इंग्रजांनी उत्तर टोकाला सैन्य उतरवून बेट घेतलं. त्या सैन्यात हिंदुस्थानी शिपाईही होते. तहात इंग्रजांनी मान्य केलं की इथले कायदे, भाषा, धर्म, चालीरीती तशाच राहतील. त्यामुळे दीडशेहून जास्त वर्षं इंग्रजी अंमल असूनही घराघरांत क्रिओल ही फ्रेंचपासून घडलेली इथली बोली बोलली जाते आणि वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात.

नैर्ऋत्येला ल मोर्न ब्राबाँ हा ५५६ मीटर उंचीचा कडा सरळ समुद्रात उतरतो. मळ्यांतून पळालेले गुलाम इथल्या गुहांमध्ये, माथ्यावरच्या सपाटीवर लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर येत होते, ते पकडायला येताहेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे सांगतात. खाली उभं राहून कडा पाहिला की ती कथा का टिकली हे कळतं. मुक्तीची भरपाई म्हणून सुमारे २० लाख पौंड मिळाले, तेही मळेवाल्यांना. गुलामांना एक पैसाही नाही. ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शकाने पर्यटकांना सांगायलाच हवी असं मला वाटतं.

मळ्यांना आता नवे मजूर हवे होते, आणि इथून आपली माणसं या इतिहासात येतात. १८३४ च्या नोव्हेंबरात 'अॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. त्यानंतरच्या नव्वदएक वर्षांत साडेचार लाखांहून जास्त गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, आले. हे मजूर जिथे उतरत त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले. काळ्या दगडाच्या त्या पायऱ्या अजून आहेत. जहाजातून उतरून वर यायचं, नाव नोंदवायचं, क्रमांक घ्यायचा, डॉक्टरला दाखवायचं, एक-दोन दिवस तिथेच काढायचे आणि मग मळ्यावर रवानगी. रुग्णालयाच्या खोल्या, स्वयंपाकाची जागा, शौचकूप, सगळ्याचे अवशेष जपलेत. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचा, असा नियम होता. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगायला लावला. तो नसेल तर भटका ठरवून अटक. घाटावरच्या माहिती केंद्रात ठेवलेले ते जुने फोटो बघताना एकाही चेहऱ्यावरून नजर पटकन पुढे जात नाही.

बहुतेक जण बिहारकडचे भोजपुरी बोलणारे, बरेच तमिळ आणि तेलुगू. काही मुंबई बंदरातून आले, त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. पश्चिमेला कास्काव्हेल गावात मराठी वस्ती आहे. तिथल्या एका मावशींनी शाळेत शिकलेल्या मराठीत माझी विचारपूस केली. "आमचे पणजोबा रत्नागिरीचे. गाव कुठलं, ते घरात कुणाला माहीत नाही." मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या आहेत, त्यांत नाव, वय, जातीबरोबर गावही लिहिलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. नातीची परीक्षा झाली की तिला घेऊन जाणार म्हणाल्या. मुलांना घरी क्रिओल, शाळेत इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुट्टी असते. कोकणातलं जाखडी हे लोकनृत्यही त्यांनी टिकवून ठेवलं आहे. मोठ्या कष्टाने टिकवलं आहे, कारण मराठी समाज एकूण लोकसंख्येत अगदी लहान आहे.

शेवटी शाँ द मार्स. इंग्रजांनी १८१२ मध्ये सुरू केलेलं हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. १२ मार्च १९६८ ला इथेच युनियन जॅक उतरला आणि चार रंगांचा झेंडा चढला. गिरमिटियाचा मुलगा, शिवसागर रामगुलाम, पहिला पंतप्रधान झाला. पण आधीच्या वर्षीच्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना मिळाली होती. भारतीय वंशाच्या बहुसंख्येखाली आपलं काय होणार, ही धास्ती क्रिओल, म्हणजे मुख्यतः गुलामांच्या वंशातल्या, आणि इतर लहान समाजांना होती. स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी पोर्ट लुईत दंगे झाले आणि इंग्रजी सैन्य बोलवावं लागलं. मला या देशाचं सर्वांत मोठेपण दिसलं ते त्यानंतरच्या वर्षात. १९६९ मध्ये विरोधकांचे पुढारी गायताँ द्युव्हाल रामगुलाम यांच्याबरोबर सरकारात गेले आणि देशाचे परराष्ट्रमंत्री झाले.