तात्यांसाठी ॲक्रिंग्टन

कामानिमित्त तीन महिने मँचेस्टरला होतो. पहिल्याच रविवारी मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान बघून आलो आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी अंगठे दाखवले. तात्यांनी मात्र थेट फोन केला.

"ते टीव्हीवर रोज दिसतंय रं. तू ॲक्रिंग्टनला जाऊन ये. कोलमनचं ग्राउंड बघून ये."

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. कोल्हापुरात वीस वर्षं फुटबॉलमध्ये फॉरवर्डला खेळले आणि तेही तीन टीमांकडून. पेठेची टीम सोडून दुसऱ्या पेठेच्या टीममधून खेळणं म्हणजे काय असतं, ते शाहू स्टेडियमवर एकदा तरी बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. काही घरांत त्यांना वर्षभर चहा मिळाला नव्हता. आता गुडघे गेलेत, पण रोज संध्याकाळी गांधी मैदानावर पोरं घेऊन उभे असतात. ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या छोट्या इंग्लिश क्लबचा जुना मॅनेजर जॉन कोलमन हा त्यांचा माणूस. त्यांच्या खोलीत एकाही मोठ्या खेळाडूचा फोटो नाही, पण कोलमनवर आलेलं जे सापडेल ते ते मला वाचून दाखवायला लावतात.

मँचेस्टर व्हिक्टोरियाहून टॉडमॉर्डनमार्गे जाणारी गाडी पकडली. तासाभराचा प्रवास. शहर मागे पडलं की दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना ओले हिरवे डोंगर आणि मधेच एखादी जुन्या गिरणीची चिमणी. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा याच लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईच्या बंदरातून गाठीच्या गाठी निघाल्या होत्या. आमच्या गिरणगावासारखीच इथलीही चाकं केव्हाच थांबली आहेत.

गाडीत बसून तात्यांनी आजवर वाचून घेतलेलं सगळं मनात लावत होतो. कोलमन लिव्हरपूलजवळच्या किर्कबीचा, जन्म 1962 चा. फॉरवर्ड. मरीन, साउथपोर्ट, रंकॉर्न, मॅक्लसफिल्ड, विटन, मोरकॅम, लँकेस्टर अशा टीमांची नावं वाचत गेलं तर एखाद्या एसटीचे थांबे वाचल्यासारखं वाटतं. शेकड्यांनी गोल केले, पण इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार विभागांत, खेळाडू म्हणून तो एकही सामना खेळला नाही. शाळेत शिक्षक होता. शेवटी ॲश्टन युनायटेडला खेळता खेळताच मॅनेजर झाला आणि 1999 मध्ये ॲक्रिंग्टन स्टॅन्लीने त्याला बोलावलं. तेव्हा हा क्लब फुटबॉल लीगच्या तीन पायऱ्या खाली होता.

स्टेशनवर उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. घरं सगळी लाल विटांची. इथली वीट इतकी कणखर, की न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या पायात ती गेली. एका पडक्या भिंतीशी सुटी वीट दिसली, तिच्यावर 'नोरी' अशी अक्षरं खोल उमटलेली. लोखंडाला इंग्रजीत आयर्न म्हणतात, त्याचीच अक्षरं उलट्या क्रमाने. विटेवर हात फिरवला तर कडा अजून बोटाला लागत होत्या.

आधी पील पार्क बघायचं ठरवलं होतं. जुनी स्टॅन्ली तिथे खेळायची. 1958 मध्ये त्यांनी आल्डरशॉटच्या लष्करी सोहळ्यात वापरलेलं एक अख्खं स्टँड विकत घेतलं. ते स्वस्तात मिळालं, पण इथवर आणून उभारायला किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला. क्लब कर्जात होताच, तो आणखी रुतला. मार्च 1962 मध्ये लीगला राजीनाम्याचं पत्र गेलं. मग लोक हादरले, पत्र मागे घेतो म्हणाले, पण लीगचे सचिव ॲलन हार्डकर यांनी ऐकलं नाही. हंगाम अर्धवट राहिला आणि स्टॅन्लीची जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. कोलमनचा जन्म त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला.

आज तिथे शाळा आहे आणि शाळेचं मैदान आहे. स्टँड नाही, फाटक नाही, फक्त मागच्या बाजूची जुनी भिंत थोडी उरलीय. दहाबारा पोरं पावसातच खेळत होती. एकाने लांबून मारलेला चेंडू भिंतीवर आदळून परत आला. मी कुंपणाला टेकून बराच वेळ उभा राहिलो. आपल्या पेठेची टीम एका पत्राने संपली असती, तर आमच्या गल्लीत काय झालं असतं, याचाच विचार करत होतो.

इथे लोकांनी हाय खाल्ली नाही. 1968 मध्ये कामगारांच्या एका क्लबात सभा भरली आणि त्याच नावाने नवा क्लब निघाला. पण नाव मोठं आणि टीम तळाला, अशी वर्षं गेली. 1989 मध्ये टीव्हीवर दुधाची एक जाहिरात लागायची. दूध प्यायलं नाहीस तर फक्त ॲक्रिंग्टन स्टॅन्लीतच खेळशील, असं लिव्हरपूलच्या एका पोराला सांगितलेलं असतं, आणि त्याचा सोबती विचारतो, ते कोण? सगळा देश हसला. दहा वर्षांनी त्याच लिव्हरपूलकडचा एक शिक्षक इथे येऊन उभा राहिला, हे मला फार आवडतं.

व्हॉली रोडने चढण चढत क्राउन ग्राउंडवर पोचलो. शेजारी क्राउन नावाचा पब आहे, त्यावरून मैदानाचं नाव. जेमतेम साडेपाच हजार माणसं मावतील एवढं ठिकाण. सामना दुसऱ्या दिवशी होता. बाजूचं फाटक उघडं दिसलं म्हणून डोकावलो. एक वयस्कर गृहस्थ गवतावर पट्टे मारत होते. आमच्याकडे फक्की हाताने सोडतात. ते रंगाचं चाकवालं यंत्र ढकलत होते, समोर दोरी ताणलेली. आत येऊ का विचारलं तर म्हणाले, "ये ये, लव. फक्त गवतावर पाय देऊ नकोस." इथले लोक अनोळखी माणसालाही 'लव' म्हणतात. आमच्या 'भावा'सारखंच.

भारतातून आलोय, चुलत्यांना कोलमन आवडतो, एवढं सांगितल्यावर त्यांनी यंत्र उभं केलं. मग बोलतच राहिले. तीन विजेतेपदं घेत कोलमनने क्लब 2006 मध्ये फुटबॉल लीगमध्ये परत आणला, चव्वेचाळीस वर्षांनी. त्याच हंगामात लीगमधून खाली कोण गेलं? ऑक्सफर्ड युनायटेड. ते सांगताना त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. 2012 मध्ये कोलमन सोडून गेला, 2014 मध्ये परत आला, दोन्ही वेळा सहायक जिमी बेल सोबत. 2016 मध्ये शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर 0-0 झालं. तिकडे ब्रिस्टल रोव्हर्सने भरपाई वेळेत गोल मारला. दोघांचेही 85 गुण, आणि गोलांच्या फरकावर बढती हुकली.

"त्या दिवशी मी तिथे उभा होतो," त्यांनी गोलमागच्या पायऱ्यांकडे बोट केलं. "दोन वर्षांनी पुन्हा तिथेच उभा होतो."

17 एप्रिल 2018. येओव्हिलविरुद्ध 2-0, दोन्ही गोल बिली कीचे. स्टॅन्ली तिसऱ्या विभागात पोचली आणि चौथ्या विभागाचं विजेतेपदही तिनेच घेतलं. वर पाच हंगाम टिकली. 2023 मध्ये खाली आली आणि मार्च 2024 मध्ये कोलमनला काढलं. त्याबद्दल म्हातारबाबा फारसं बोलले नाहीत, दोरी गुंडाळायला लागले.

मला विचाराल तर कोलमनचं खरं काम चषकापेक्षा वेगळं आहे. वरच्या क्लबांनी नको म्हटलेली पोरं तो घ्यायचा. ज्याला स्वतःला कधी वरून बोलावणं आलं नाही, त्याला अशा पोराच्या मनात काय चाललंय ते सांगावं लागत नसेल. संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याच्या टीमच्या, निवडीतून दोनदा परत आलेले तात्याही अशीच पोरं शोधून आणतात. एकाला तर चहाच्या गाड्यावरून उचलून आणलाय.

त्यांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे पाच वाजत होते. पायऱ्या दाखवल्या, मागचे डोंगर दाखवले. तात्यांना त्यात रस नव्हता.

"गोलपाशी ने फोन. भुई बघू दे."

म्हातारबाबांना विचारलं, त्यांनी मान हलवली. मी पट्ट्याबाहेरून हात लांब करून फोन गवताजवळ धरला. गोलीच्या पायाखालची जागा ताजी बुजवलेली होती, वाळू टाकून दाबलेली, मधेच हिरवे कोंब.

"वाळू घातलीया न्हवं?" तात्या म्हणाले. "किती घालत्यात इचार त्यास्नी."

विचारलं. एका ढकलगाडीत किती माती, किती वाळू, पावसाआधी किती आणि नंतर किती, हे म्हातारबाबांनी बोटांवर मोजून सांगितलं. मी मराठीत सांगत गेलो, तिकडे तात्यांनी कुणाकडून तरी पेन मागून घेतलं. लिहून झाल्यावर म्हणाले, "बरं, ठेव आता. पोरं आल्यात."