तुम्ही विचारलंत म्हणून: शोकेस रिकामे का?

आमच्या नाशिकच्या घरी येणाऱ्याला दिवाणखान्यातले काचेचे शोकेस रिकामे दिसते, आणि पाणी प्यायला आत गेला की वाईनच्या बाटल्या मागच्या कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्यापलीकडे, फरशीलगतच्या फळीवर आडव्या निजवलेल्या दिसतात. मग प्रश्न येतोच. नणंदबाई विचारतात, "लपवून ठेवतेस का गं?" पुतण्याचे मित्र विचारतात, "काकू, वाईन जितकी जुनी तितकी भारी ना? मग एवढे लाड कशाला?" इतकी वर्षे मी "तिथे गारवा असतो" एवढे सांगून चहा टाकायला उठत आले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते.

आधी त्या "जुनी तितकी भारी"चा निकाल लावते, कारण मीही एके काळी तेच मानत होते. बाजारात मिळणारी बहुतेक वाईन, आपल्या जिल्ह्यातली धरून, दोन-तीन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेली असते. वर्षानुवर्षे ठेवून सुधारतील अशा बाटल्या थोड्या, आणि त्यांनाही साधारण बारा ते पंधरा अंशांचा एकसारखा गारवा, अंधार आणि थोडी दमट हवा लागते. बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे वाईन बुचाला लागून राहते आणि बूच सुकून आक्रसत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी राहिली तरी चालते, त्यामुळे माझ्या फळीवरच्या काही बाटल्या निव्वळ संगतीने आडव्या झाल्या आहेत हे कबूल करते. फ्रिज चार-सहा आठवड्यांना ठीक, वर्षांना नाही. तिथली हवा कोरडी, आणि कॉम्प्रेसरची थरथर चालूच.

हे सगळे मला 2008 साली ठाऊक नव्हते, आणि त्याच साली दादांनी दोन बाटल्या आणून दिल्या.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. दिंडोरी तालुक्यात आमच्या माहेरची द्राक्षबाग होती, सगळी थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांची. 2001 मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले, वाईनच्या द्राक्षांचे करार होऊ लागले, आणि दादांनी एका एकरात कॅबर्नेट लावली. बारीक, काळे, बियांचे द्राक्ष, आई म्हणायची, "हे खायचं तरी कोणी?" 2006 च्या फेब्रुवारीतला माल ज्या कंपनीला गेला, तिने दोन वर्षांनी बागाईतदारांना त्या हंगामाच्या वाईनच्या दोन-दोन बाटल्या भेट दिल्या. दादा पीत नसत, पण त्यांना शपथही नव्हती. "माझ्या साठीला फोडू. तुझ्याकडे ठेव, शहरात नीट राहील," असे म्हणून त्यांनी त्या माझ्या हाती दिल्या. पुढे मंदी आली, कंपनीने माल उचलणे थांबवले, आणि 2010 मध्ये दादांनी कॅबर्नेट तोडून तिथे टोमॅटो लावले. त्या एकराचे म्हणून काही उरले असेल, तर ते माझ्या घरच्या दोन बाटल्यांत होते.

मी त्या शोकेसमध्ये ठेवल्या. एक पुढे, लेबल बाहेर करून, आणि दुसरी तिच्या मागे, पितळी समईच्या आड. शोकेस पश्चिमेच्या भिंतीला, वर संध्याकाळी लागणारे दोन दिवे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि भारनियमनात आमचा दिवाणखाना दुपारी भट्टी होत असे. आत उष्णतेने वाईन फुगते आणि बुचाला वर रेटते. रात्री गार झाली की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. हे आठ उन्हाळे चालले. मधल्या एका मे महिन्यात पुढच्या बाटलीचा गळा मला चिकट लागला होता. वरच्या वेष्टनाखालून एक काळसर ओघळ आला होता. मी ओल्या फडक्याने तो पुसला, लेबल पुन्हा समोर आणले आणि काच सरकवून घेतली.

2016 मध्ये दादांची साठी झाली. जेवणापूर्वी बाटली आणली तेव्हा घरातली सोळा माणसे भोवती उभी होती. बुचाचा वरचा अर्धा तुकडा हातात आला, उरलेला भुगा होऊन आत पडला. मी स्वयंपाकघरात गेले, चहाची गाळणी धुऊन पुसली, आणि तिच्यातून ती वाईन पेल्यांत ओतली. जांभळट काळे काहीतरी येईल असे मनात होते. आले ते उतरलेल्या चहाच्या रंगाचे. वास काकवीचा, आणि त्याखाली शिरक्याचा. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण शहरातली, शिकलेली, बाटली सांभाळलेली मीच होते. मी म्हणाले, "जुनी वाईन अशीच असते."

कोणी काही बोलले नाही. मेहुण्यांनी पेला ओठांना लावून खाली ठेवला. दादांनी मात्र घोट घोट करत पेला संपवला आणि म्हणाले, "बेदाण्यासारखी लागते. असू दे, द्राक्ष तर आपलंच ना?"

खरे तर तिथेच सांगायला हवे होते. ती वाईन बिघडली आहे हे मला पहिल्या वासालाच कळले होते, आणि तरी मी त्यांना तो पेला संपवू दिला.

बचाव म्हणून मी स्वतःला पुष्कळ काही सांगितले आहे. दुकानदार तरी दुसरे काय करतात? भगभगीत दिव्यांखाली बाटल्या उभ्याच असतात. (म्हणून आता मी घेताना लेबलावरची तारीख पाहते आणि बंद खोक्यातली बाटली मागते.) द्राक्षांच्या जिल्ह्यात राहूनही हे मला कोणी सांगितले नव्हते. शिवाय ती बाटली मी मिरवण्यासाठी नव्हे, मानाने समोर ठेवली होती. यावर 2016 नंतरची मी 2008 मधल्या मला विचारते, की मग लेबल बाहेर का केले होतेस? पुढे वाईनरीत काम केलेल्या एका ओळखीच्यांनी सांगितले की ती वाईन तळघरात ठेवली असती तरी दहा वर्षे टिकली असतीच असे नाही. हे ऐकून हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याचाच राग आला.

आता कोठीत तापमापक टांगला आहे. भर मेमध्ये दिवाणखान्यात चौतीस असताना तिथे सव्वीस-सत्तावीस असतात. हे तेरा नव्हेत, हे मला कळते. पण ती उत्तरेची खोली आहे, खाली शहाबादी फरशी आहे, आणि दिवसरात्रीत पारा एखाद-दुसऱ्या अंशापलीकडे हलत नाही. पुतण्याने छोटा वाईन कूलर सुचवला होता. त्या बिनकॉम्प्रेसरच्या कूलरला बाहेरच्या हवेपेक्षा काही ठरावीक अंशच खाली जाता येते, म्हणजे नेमका मेमध्ये तो हात टेकणार. मोठा घेण्याइतकी माझी वाईन नाही. बाकीच्या बाटल्या मी वर्षा-दोन वर्षांत संपवते.

फळीच्या टोकाला, कापडात गुंडाळलेली, दुसरी बाटली आहे, समईमागची. तिनेही ते आठ उन्हाळे शोकेसमध्येच काढले, त्यामुळे आता तिला आडवे निजवून काय उपयोग, हा पुतण्याचा प्रश्न बिनतोड आहे. दादांची सत्तरी जवळ आली आहे, आणि गेल्या दिवाळीत त्यांनी आपणहून विचारले, "ती दुसरी आहे ना गं अजून?" मी आहे म्हणाले. दर मेमध्ये मी कापड सोडते आणि बाटलीच्या गळ्यावरून बोट फिरवते. अजून तरी तो कोरडा लागतो.