दोन ऑफर, एकच सीट
बिझनेसच्या डिग्रीसाठी दोन्ही युनिव्हर्सिटींकडून अ‍ॅडमिशनची ऑफर आली आणि आठवडाभर झोपच उडाली. पहिलीचं नाव मोठं, सगळे म्हणतात डोळे झाकून घे, पण मी दोन्ही सिलॅबस शेजारी शेजारी उघडून बसले तर तिथे फायनान्स की मार्केटिंग हे पहिल्याच वर्षी ठरवायचं, आणि मला अजून बॅलन्स शीटसुद्धा नीट वाचता येत नाही. दुसरीत आधी दोन वर्षं अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, मग स्पेशलायझेशन, वर इंटर्नशिप.

आणि हो, पास होऊन नोकरीला लागलेल्यांच्या पगाराचा अ‍ॅव्हरेज नको, मीडियन विचारा, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मधोमध येणारा आकडा; दोन-चार जणांच्या गलेलठ्ठ पॅकेजने अ‍ॅव्हरेज फुगतो. पहिलीला दोनदा मेल केला तरी मीडियन काही मिळाला नाही. काल रात्री दुसरीला हो कळवलं, हात थरथरत होते सबमिट दाबताना.