आमची वाटचाल : कॉर्कमधलं आमचं स्ट्यूचं किचन

'तीन तास. त्याच्या आत नाही.' 2012 साली पहिल्या शनिवारी स्टॉल लावला तेव्हा खडूने हे पाटीवर लिहिलं. पाटी अजून तीच आहे, कडा तेवढ्या झिजल्यात.

मी मूळचा वसईचा. नाताळात आमच्या घरी बाटली मसाल्यातलं बीफ शिजायचं, त्यामुळे या मांसाची भीती कधी नव्हती. बायको नर्स म्हणून आयर्लंडला आली, मागोमाग मी. कॉर्कच्या साउथ मेन स्ट्रीटवरून कामाला जाताना बीमिश या बिअर कंपनीच्या भट्टीतून भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, वास यायचा. 2009 मध्ये ती भट्टी बंद झाली आणि तो वास गेला. हॉटेलच्या किचनमध्ये पडेल ते काम करत होतो, तिथेच हा स्ट्यू, म्हणजे स्टाउट या काळ्या, कडवट बिअरमध्ये मंद शिजवलेलं बीफ, शिकलो आणि ठरवलं की विकायचा तर हाच एक पदार्थ.

मांस घ्यायला इंग्लिश मार्केटला गेलो. 1788 पासून चालू असलेला बाजार आहे, तिथले खाटीक नवख्याला लगेच ओळखतात. मी बिनचरबीचं, दिसायला देखणं मांस मागितलं. खाटकाने ते कापायला नकार दिला आणि शिन पुढे ठेवलं, म्हणजे पायाच्या नळीचं मांस, पांढऱ्या शिरांनी भरलेलं. त्या शिरा मंद आचेवर विरघळतात, रस्सा चिकट होतो, ओठाला लागतो. देखण्या मांसाचा दोन तासांत भुसा होतो. तेव्हापासून माझा खाटीक बदललेला नाही. धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो, भाव दोन ठिकाणी विचारा, पण खाटीक एकच ठेवा.

सुरुवातीला दोन बिडाची पातेली होती. त्यातलं एक आजही वापरतो, 60 लिटरचा ब्रॅट पॅन, म्हणजे हॉटेलातली मोठी सपाट तळाची कढई, आला तरी. परतण्याचं काम बिडातच करावं. फोडी मोठ्या, चार-पाच सेंटिमीटरच्या. कोरड्या पुसून, मैदा जेमतेम लावून, बीफच्या चरबीत थोड्या थोड्या टाकायच्या. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस तपकिरी व्हायच्या ऐवजी राखाडी होतं. मग कांदा, चमचाभर टोमॅटो प्युरी, आणि स्टाउट ओतून लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा. तो खरवडलेला थर हीच खरी कमाई. किलोभर मांसाला अर्धा लिटर स्टाउट आणि तेवढाच स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी. स्टाउट भाजलेल्या बार्लीमुळे कडू असतो आणि आटला की कडवटपणा वाढतो, म्हणून भसाभसा उकळू नये. गाजर, पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखा गोडसर कंद) आणि नीट परतलेला कांदा त्याला सावरतात. मी कॉर्कचाच मर्फीज स्टाउट वापरतो, तो डब्लिनच्या गिनेसपेक्षा मवाळ आहे. कॉर्कमध्ये त्याचं कारण द्यावं लागत नाही. बटाटे आंबट रश्शात लवकर शिजत नाहीत, म्हणून आम्ही ते वेगळे उकडून, कुस्करून खाली वाढतो.

पहिल्या वर्षीच एक निवृत्त गोदी कामगार स्टॉलवर आले. चव घेतली आणि म्हणाले, 'हा आयरिश स्ट्यू नाही. आमच्या आईचा मटणाचा असायचा. मटण, बटाटा, कांदा, बस्स. हा पबातला.' बरोबरच होतं ते. मी पाटीवर आयरिश हा शब्द पुसून 'बीफ अँड स्टाउट' लिहिलं. पुढच्या गुरुवारी ते स्वतःचा मुलामा दिलेला डबा घेऊन आले, आणि मग दर गुरुवारी येत राहिले.

2013 ला किचन भाड्याने घेतलं, पबांना माल द्यायला लागलो. त्या वर्षांत सांगण्यासारखं फार काही नाही, धंदा चालला.

2017 च्या उन्हाळ्यात एका मोठ्या कारखान्याचा माणूस आमच्याच पबांत फिरला. पाकिटातला स्ट्यू, गरम पाण्यात बुडवला की तयार, आमच्यापेक्षा जवळपास निम्म्या भावात. मी एक पाकीट विकत घेऊन फोडलं. रंग काळाभोर, पण रस्सा खळीसारखा गुळगुळीत, आणि मांसाला धागाच नाही. ते सोसलं असतं. पण पाकिटावर छापलं होतं, 'तीन तास मंद आचेवर'. माझी ओळ! सातापैकी पाच पब गेले. चौघांनी फोनसुद्धा केला नाही. ज्यांच्या दाराशी पहाटे बर्फात माल उतरवला, त्यांनी. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

एका पबाने परत विचारलं, तीनशे वाढपं, मंगळवारी सकाळी. सोमवार होता 16 ऑक्टोबर, ओफेलिया वादळाचा. लाल इशारा आदल्या दिवशीच होता. तरी मी अंधारात किचनला गेलो, कारण ही ऑर्डर गेली तर भाडं निघणार नव्हतं. बायकोने अडवलं होतं. ती बरोबर होती, मी चुकलो. मांस परतून पॅनमध्ये पडलं, तासभर झाला आणि वीज गेली. पॅन विजेचा. झाकण दाबून, वर पोती टाकून थर्मामीटर खुपसून बसलो. 91. मग 84. मग 76. बाहेर पत्रे उडत होते. 63 च्या खाली गेलं की ते अन्न विकायचं नाही हा नियम आहे. संध्याकाळी आकडा 62 वर आला. एक फोड तोंडात टाकली, दाताखाली तुटेना. सगळं ओतलं. दोन दिवसांनी शीतखोलीतलं 80 किलो शिनही फेकलं. विमा होता, पण वीज गेल्याने नासलेला माल त्यात बसत नव्हता. तुमच्या पॉलिसीतलं ते कलम आजच वाचा.

गुरुवारी डबा घेऊन आजोबा आले. वीज नव्हतीच. मी म्हटलं, 'आज काही नाही, बहुतेक पुढेही नाही.' ते डबा ठेवून निघून गेले. तासाभराने परतले, हातात चर्चच्या हॉलची किल्ली. तिथे गॅसची शेगडी होती. खाटकाने उधारीवर बारा किलो शिन दिलं. बिडाची दोन पातेली उचलून नेली आणि दुपारी दोनला स्टाउट ओतला. तीन तास ते शेजारी खुर्चीवर बसून होते. पाच वाजता पहिला डबा त्यांचा भरला, उरलेला हॉलच्या दारातच विकला. वादळात घरं अंधारात असलेली माणसं रांगेत उभी राहिली.

त्यानंतर मी दोन नियम केले. कुठल्याही एका पबावर विक्रीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भिस्त ठेवायची नाही, आणि पॅन गॅसचाच घ्यायचा. गेलेल्या पाचांपैकी दोघे पुढे परत आले. माल दिला, पण रोखीने.

आजोबांना आता पायऱ्या उतरवत नाहीत. दर गुरुवारी मीच डबा पोचवतो. पार्सनिप काढून, त्यांना तो कधीच आवडला नाही.