खुपऱ्या तपासायला तनामीच्या वाळवंटात

पहाटे मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जहून निघालो तेव्हा गाडीत आम्ही चौघं होतो: दोन नर्स, वार्लपिरी ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या एक स्थानिक आरोग्य कार्यकर्त्या आणि मी. तनामी रस्ता सोडून आत वळलं की लाल माती लागते. काम होतं शाळेतल्या ५ ते ९ वर्षांच्या मुलांचे डोळे तपासायचं. रोग ट्रॅकोमा, म्हणजे आपल्या खुपऱ्या. माझ्या आजीला त्या होत्या. पापणी आत वळून केस बुबुळाला टोचायचे आणि आई तिला उन्हात बसवून चिमट्याने ते उपटायची. हाच रोग ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात, तोही फक्त दुर्गम आदिवासी वस्त्यांत उरलाय, हे कळलं तेव्हा मी फार अस्वस्थ झाले होते.

नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या चमूने १९७६ ते १९७८ या काळात वस्तीवस्तीत फिरून लाखावर लोक तपासले. २००६ पासून देशपातळीवर दरवर्षी मोजणी होते. २००९ साली अशा वस्त्यांतल्या १४ टक्के मुलांत रोग होता, नंतर तो बराच खाली आला. पण सरासरी खाली आली तरी एखाद्या वस्तीत तो ठाण मांडून बसलेला असतो.

अशा कामाला जाणाऱ्यांनी आधी परवाने काढावेत: आदिवासी जमिनीत शिरण्याचा परवाना आणि मुलांसोबत काम करायचं ओकर कार्ड, दोन्हींना वेळ लागतो. निघायच्या आदल्या दिवशी वस्तीत फोन कराच. आमची पहिली फेरी वाया गेली. दोन दिवसांपूर्वी तिथे मृत्यू झाला होता, शाळा बंद होती आणि दुखवट्यात परक्यांनी फिरणं बरं दिसत नाही. फोन केला नव्हता, ही चूक आमचीच. मृत व्यक्तीचं नाव घेऊ नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. दारू अजिबात नेऊ नका. पाणी आणि सॅटेलाइट फोन मात्र हवाच.

तपासणीला अडीचपट मोठं दाखवणारं भिंग आणि चांगली बॅटरी लागते. मुलाला खाली बघायला सांगायचं, पापणीचे केस धरून वरची पापणी अलगद उलटायची. सात वर्षांच्या एका मुलाच्या पापणीच्या आत भिजल्या साबुदाण्याच्या कणीसारखे फिकट ठिपके दिसले. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पाच ठिपके असले की नोंद होते. मी मोजले, आठ. तो जराही हलला नाही. आमच्या कार्यकर्त्या त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या, त्यातला 'मिल्पा' म्हणजे डोळा एवढाच शब्द मला कळला. त्यांच्याशिवाय आमचं पानही हललं नसतं, म्हणून स्थानिक माणसाचा दिवसाचा पगार आधी मंजूर करून घ्या. प्रत्येक मुलानंतर हात स्वच्छ करा, नाहीतर रोग तुम्हीच पसरवाल.

औषध सोपं आहे. वजन करून ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस, आणि घरातल्या सगळ्यांना. वजनकाटा विसरू नका. डोस द्यायला त्या मुलाच्या घरी गेलो तेव्हा खरी गोष्ट दिसली. घरात अकरा माणसं, टॉवेल दोन. न्हाणीचा नळ फिरतच नव्हता आणि मोरी तुंबलेली. आईने कितीदा तक्रार केली होती, पण कुणी आलं नव्हतं. रोग टाळायला चेहरा धुवायला सांगायचं असतं, पण या मुलाला ते सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? गोळीने जंतू मरतो, पण अशा घरात तो पुन्हा येणारच.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये १९८७ च्या पाहणीनंतर एक पद्धत रुजली: घराची पाहणी केली की दुरुस्ती त्याच दिवशी सुरू करायची, नुसतं मोजून परतायचं नाही. तुमच्या चमूत परवानाधारक प्लंबर घ्या. आमच्याकडे नव्हता, म्हणून मी बिघडलेल्या नळांची घरवार यादी केली, त्याच संध्याकाळी कार्यालयात दिली आणि तक्रारीचा क्रमांक घेतला. मग दर दोन दिवसांनी फोन.

सोळाव्या दिवशी कार्यकर्त्यांचाच फोन आला. नळ सुरू झाला होता. टॉवेल मी पुढच्या फेरीत नेणार आहे, अकरा.